लॉगबुकातले तास नागरी नोकरीत कसे आणायचे: वायुसेनेतून परतणाऱ्या एअरक्रूसाठी

निवृत्त होऊन साताऱ्यात आलो त्याच आठवड्यात एका कार्यालयात फॉर्म भरत होतो. 'व्यवसाय' या रकान्यात मी 'फ्लाइट इंजिनियर' लिहिलं. खिडकीपलीकडच्या मुलाने विचारलं, "काका, इंजिनियरिंगच्या डिग्रीची झेरॉक्स जोडलीय का?" मी सांगितलं, डिग्री नाही, एएन-३२ विमानावर तीन हजारांवर तास उडालोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि माझ्या देखत तो शब्द खोडून 'इतर' असं लिहिलं. त्याची चूक नव्हती. माझं काम काय होतं हे त्याला समजेल अशा शब्दांत मलाच सांगता आलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्याला फौजी माणूस नवा नाही. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. पोवई नाक्यावर चहा घेताना निवृत्त माणसाला अजूनही 'मेजर' अशी हाक येते, मग तो कुठल्याही हुद्द्यावरून उतरलेला असो. पण मान मिळतो तशी एक ठरलेली वाटही समोर ठेवली जाते: बँकेचा किंवा कारखान्याचा सुरक्षारक्षक, नाहीतर शेती. दोन्ही कामं इज्जतीची आहेत आणि माझे जवळचे मित्र ती करतात. तरीही ज्याने वीस वर्षं इंजिनाच्या आवाजातला फरक कानाने ओळखला, ज्याने हजारो टन सामान डोंगरात सुखरूप पोचवलं, त्याचं कौशल्य गेटवरच्या रजिस्टरपाशी थांबलेलं मला बघवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सातारा-सांगलीकडचे फ्लाइट इंजिनियर (हवेत इंजिनं आणि यंत्रणा सांभाळणारे), फ्लाइट गनर, फ्लाइट सिग्नलर (रेडिओ सांभाळणारे) आणि लोडमास्टर (सामान लादणारे) माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वैमानिकांसाठी पुढे थोडक्यात लिहिलं आहे, कारण त्यांची वाट बरीचशी आखलेली असते.

आधी एक सॉर्टी उलगडा

नोकरीच्या संकेतस्थळावर 'फ्लाइट इंजिनियर' टाकून शोधलंत तर निराशा होईल. १९८० च्या दशकात बोइंग ७५७ आणि ७६७ सारखी दोन वैमानिकांची विमानं आली आणि प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधली तिसरी खुर्ची हळूहळू गेली. सिग्नलरसारखी रेडिओ ऑपरेटरची खुर्ची तर त्याही आधी गेली होती, आणि गनर हे पद नागरी विमानात कधी नव्हतंच. खुर्ची गेली, पण त्या खुर्चीवरचं काम गेलेलं नाही. ते जमिनीवरच्या आठ-दहा टेबलांवर वाटलं गेलंय. आपल्याला ती टेबलं शोधायची आहेत.

मी सगळ्यांना एकच अभ्यास करायला सांगतो. फुलस्केप कागद घ्या आणि आठवणीतली एक साधी सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण-फेरी, पहिल्यापासून लिहून काढा. युद्धातली किंवा गाजलेली नको, रोजची घ्या. माझी होती चंदीगड ते लेह. लेहचं विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. दिवस चढला की तिथे वारा उठतो आणि हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून पहाटेच निघायचं. एएन-३२ जास्तीत जास्त ६.७ टन उचलतं, पण त्या उंचीवरून परत उडायचं तर तेवढं भरता येतंच असं नाही. मग तापमान, वारा, इंधन यांचा हिशेब करून वजन ठरायचं.

आता हीच सॉर्टी तुकड्यांत पाहा. पहाटे हवामान बघून किती इंधन, किती वजन, पर्यायी विमानतळ कोणता हे ठरवलं. नागरी विमानकंपनीत हे काम फ्लाइट डिस्पॅचर करतो. सामान कुठे ठेवायचं, कशाने बांधायचं, विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेत राहतो का हे पाहिलं. त्याला तिकडे लोड कंट्रोल म्हणतात आणि तो कागद लोड अँड ट्रिम शीट याच नावाने ओळखला जातो. फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, वाचून आधीचे स्नॅग (बिघाड) सुटलेत का ते तपासलं. तिकडे टेक लॉग असतो आणि तो पाहायला मेंटेनन्स कंट्रोल सेंटर चोवीस तास जागं असतं. हवेत तेलाचा दाब, टर्बाइनचं तापमान, कंपनं यांवर नजर ठेवली. ते आता इंजिन हेल्थ मॉनिटरिंगचं टेबल झालंय. उतरल्यावर डीब्रीफिंगमध्ये काय चुकलं ते हुद्दा न बघता बोललो. नागरी क्षेत्रात यावर सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम उभी आहे. संध्याकाळी नव्या मुलाला शेजारी बसवून शिकवलं, म्हणजे प्रशिक्षकाचं कामही झालं.

एका सॉर्टीतून सहा कामं निघाली. त्यातली तुम्हाला मनापासून आवडणारी दोन निवडा. सहाच्या सहा एका अर्जात घालू नका, वाचणाऱ्याला तुम्ही कोण ते कळत नाही.

डिस्चार्जच्या दोन वर्षं आधी कागद

बरेच जण शेवटचे दोन महिने राहिल्यावर जागे होतात. तोवर ज्या फ्लाइट कमांडरने तुमचं काम पाहिलं तो बदलून गेलेला असतो आणि जुन्या स्क्वाड्रनचे कागद मिळवायला पत्रव्यवहार सुरू होतो. दोन वर्षं आधी सुरुवात करा.

पहिलं म्हणजे लॉगबुक, आपल्या उड्डाणाच्या तासांची नोंदवही. प्रत्येक महिन्याची आणि वर्षाची बेरीज सही-शिक्क्यासह आहे का ते पाहा. विमानाच्या प्रकारानुसार तास वेगळे काढा, दिवसाचे आणि रात्रीचेही वेगळे. नागरी नियमात विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून उड्डाण संपून थांबेपर्यंतचा वेळ मोजतात. आपली मोजायची रीत वेगळी असेल तर मनाने तास वाढवू नका. लॉगबुकात आहे तेच लिहा आणि वेळ कशी मोजली आहे त्याची एक ओळ खाली द्या. त्या एका ओळीने समोरच्याचा विश्वास बसतो.

दुसरं, एअरक्रू एक्झामिनिंग बोर्डाच्या कॅटेगरीचे दाखले आणि प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र. कोर्स किती आठवड्यांचा होता आणि त्यात कोणत्या सिस्टिम शिकवल्या हे त्यावर नसेल तर तसं पत्र युनिटकडून घ्या. सही करणारा आपल्याला ओळखतो तोवरच हे सहज होतं.

तिसऱ्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे: एअरक्रू होण्याआधीची वर्षं. आपल्यातले बहुतेक जण आधी एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल अशा तांत्रिक ट्रेडमध्ये हँगरात काम करत होते. नागरी विमान देखभालीच्या लायसन्ससाठी उड्डाणाचे तास उपयोगी पडत नाहीत, ही हाताने केलेली देखभाल उपयोगी पडते. ती वर्षं, ती युनिट्स आणि केलेली कामं यांचा सही झालेला तपशील घ्या.

चौथं, वैद्यकीय कागद, आणि त्यात ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नक्की. टर्बोप्रॉपच्या आणि हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं बसून कान बधिर होतात. आपण घरात टीव्हीचा आवाज वाढवतो आणि वय झालं म्हणून सोडून देतो. कानाचा त्रास असेल तर रिलीज मेडिकल बोर्डासमोर स्पष्ट सांगा. त्याची नोंद सेवेत असतानाच व्हायला हवी. नंतर सिद्ध करत बसणं फार जड जातं.

पाचवं, संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स. जेसीओ आणि त्याखालच्या हुद्द्यांना त्यांची फी भरावी लागत नाही. अर्ज युनिटमार्फत जातो. मोकळा वेळ मिळतो म्हणून किंवा घराजवळ आहे म्हणून कोर्स घेऊ नका. सॉर्टीच्या कागदावरून निवडलेल्या दोन कामांना जो जवळचा असेल तोच घ्या. सहा महिने पगारी शिकायची संधी आयुष्यात पुन्हा येत नाही.

एक पथ्यही सांगतो. कुठल्या तळावर काय होतं, कोणतं सामान कुठे नेलं, किती विमानं होती यातलं काहीही अर्जात किंवा मुलाखतीत येता कामा नये. शासकीय गुपिते कायदा, १९२३ निवृत्तीनंतरही आपल्याला लागू आहे. 'उंच डोंगरी भागातली नियमित मालवाहतूक' एवढं लिहिलं तरी जाणकाराला पुरतं.

देखभालीचं लायसन्स: लांबचा पण पक्का रस्ता

तुमचा तांत्रिक ट्रेड होता, बारावी विज्ञान आहे आणि पुढची तीन-चार वर्षं अभ्यासाची तयारी आहे, तर विमान देखभाल अभियंत्याच्या लायसन्सकडे जा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या सीएआर-६६ या नियमावलीखाली ते मिळतं. टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी बी१.१, टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी बी१.३ आणि एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) बी२. एएन-३२ किंवा आयएल-७६ वरचा माणूस साधारणपणे बी१.१ कडे जाईल, एमआय-१७ वाला बी१.३ कडे, सिग्नलरला बी२ जवळचं वाटेल. यांच्या आधी कॅटेगरी ए आहे, ठरावीक छोट्या कामांवर सही करायचा अधिकार देणारी. वय चाळिशीत असेल आणि घर चालवायचं असेल तर मी ए पासून सुरुवात करायला सांगेन.

परीक्षा मॉड्यूलप्रमाणे असतात, पर्यायी प्रश्नांच्या, आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. ७ नंबरचं मॉड्यूल देखभालीच्या पद्धतींचं, ९ मानवी घटकांचं, १० नियमांचं. ७ आणि ९ आपल्याला अर्धं येत असतं, तिथून सुरुवात करा म्हणजे हुरूप येतो. १० मात्र पूर्ण नवं आहे, कारण वायुसेनेचे नियम आणि नागरी नियम वेगळे. अनुभवाचं गणित असं आहे: मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्याला बी१.१, बी१.३, बी२ साठी २ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, कुशल कामगाराला ३ वर्षं, आणि कुठलंच संबंधित प्रशिक्षण नसलेल्याला ५. वायुसेनेतली देखभाल ग्राह्य धरली जाऊ शकते, पण तिच्या जोडीला नागरी विमानांवरचा काही काळ लागतोच. म्हणून परीक्षा देता देता एखाद्या देखभाल कंपनीत टेक्निशियन म्हणून लागणं शहाणपणाचं. पगार सुरुवातीला मनाला लागेल. पेन्शन आहे म्हणून आपल्याला ते झेपतं, बावीस वर्षांच्या पोराला झेपत नाही. हा आपला खरा फायदा आहे.

इथे भाषांतराची एक किल्ली देतो. जगभरच्या नागरी विमानांच्या पुस्तकांत प्रत्येक सिस्टिमला ठरलेला प्रकरण क्रमांक असतो, त्याला एटीए चॅप्टर म्हणतात. २१ वातानुकूलन, २४ विद्युत, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ६१ प्रॉपेलर, ७२ इंजिन. तुम्ही हँगरात केलेलं प्रत्येक काम यांतल्या कुठल्यातरी आकड्याखाली बसतं. एका वहीत दोन रकाने करा, डावीकडे काम आणि उजवीकडे आकडा. 'अंडरकॅरेजचा जॅक बदलला' याऐवजी 'चॅप्टर ३२, मुख्य लँडिंग गिअरचा अ‍ॅक्चुएटर बदलून रिट्रॅक्शन चाचणी घेतली' असं लिहिलंत की मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही त्याच्या घरातले वाटता.

विमान रशियन होतं, नागरी विमानं बोइंग, एअरबस, एटीआर, आपलं कसं जमणार, ही भीती मला पुष्कळदा ऐकू येते. एटीआर-७२ हेही दोन टर्बोप्रॉपांचंच विमान आहे. प्रॉपेलर फेदर का करायचा, म्हणजे त्याची पाती हवेच्या प्रवाहाला समांतर का वळवायची, हे एआय-२० इंजिनावर ज्याला कळलं, त्याला नव्या इंजिनावर ते पुन्हा समजून घ्यावं लागत नाही, फक्त बटणाची जागा शोधावी लागते. मराठी माध्यमातून आलो म्हणून इंग्रजीला घाबरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. रशियनमधून इंग्रजीत आलेल्या जाडजूड पुस्तकांवर आपण विमानं चालवली आहेत. नागरी मॅन्युअलची भाषा त्याहून कितीतरी सोपी असते.

लोडमास्टर, गनर आणि बाकीचे

लोडमास्टरला सगळ्यात लवकर काम मिळू शकतं आणि सगळ्यात कमी अर्ज त्याच्याकडूनच येतात, हे मला कोडं आहे. मालवाहू विमानकंपन्या आणि विमानतळावरच्या ग्राउंड हँडलिंग कंपन्या यांना लोड कंट्रोलची माणसं लागतात. आधी एक प्रमाणपत्र घ्या: धोकादायक माल हाताळणीचं, आयाटा या विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे. स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव अशा नऊ वर्गांत हा माल विभागलेला असतो आणि प्रशिक्षण दर २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. आपण हे वर्ग वेगळ्या नावांनी वर्षानुवर्षं हाताळलेत. पुणे जवळ आहे, मुंबई आहे, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय. पनवेलच्या बाजूला राहायची तयारी असेल तर तिकडे नीट लक्ष ठेवा.

डिस्पॅचरचं काम नॅव्हिगेटर आणि सिग्नलर यांना मानवतं. विमानकंपनी शिकवते आणि डीजीसीएची मान्यता लागते. रात्रपाळी असते, हवामानाचा अभ्यास कायम ठेवावा लागतो. फ्लाइट गनरला वाटतं की आपल्याला बाहेर कुणी विचारणारच नाही. हेलिकॉप्टरच्या दारात बसून 'शेपूट मोकळी, उजवीकडे दोन मीटर, आणखी खाली' असं वैमानिकाला सांगणारा माणूस विंच आणि स्लिंग लोडच्या कामात सोन्यासारखा असतो. मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टर जुहूहून उडतात. तिथे प्रवाशांचं सेफ्टी ब्रीफिंग, हेलिडेकचं काम, बचाव प्रशिक्षण यासाठी अशी माणसं लागतात. आपत्ती व्यवस्थापनही आहेच. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला ते वेगळं समजवायला नको.

लष्करी मालवाहू विमानांचा कारखानाही आता देशात आहे. सी-२९५ ची ५६ विमानं घ्यायचं ठरलं, त्यातली ४० वडोदऱ्यात जोडली जात आहेत. चाचणी, गुणवत्ता, ग्राहकाच्या क्रूचं प्रशिक्षण यासाठी मालवाहू ताफ्यातल्या अनुभवी माणसाइतकं कामाचं कोण असणार?

वैमानिकांसाठी थोडक्यात. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला (सीपीएल) २०० तास, त्यावरच्या विमानकंपनी वैमानिकाच्या लायसन्सला (एटीपीएल) १,५०० तास. तास तुमच्याकडे बहुधा असतातच, अडतं ते परीक्षांवर, आरटीआरवर (विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्यावर) आणि क्लास वन मेडिकलवर. आरटीआरची जबाबदारी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नंतर दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आली आहे, त्यामुळे जुन्या सिनियरच्या माहितीवर विसंबू नका. ही वैद्यकीय तपासणी वायुसेनेत असतानाच करून घ्या. विमानकंपनीत वयाच्या ६५ पर्यंत उडता येतं.

गाव सोडायचं नसेल तर

माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी सांगतात, "दादा, वीस वर्षं बाहेर काढली, आता आईवडलांपाशी राहायचंय." हे मला पूर्ण पटतं. त्यांच्यासाठी साताऱ्याच्या डोक्यावरच एक काम आहे आणि फार थोड्यांच्या ते ध्यानात येतं. चाळकेवाडीच्या आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या.

पवनचक्की म्हणजे उलटा प्रॉपेलर. आपला प्रॉपेलर इंजिनाची ताकद हवेला देतो, तिथे हवेची ताकद पात्यांतून गिअरबॉक्सकडे येते. पात्याचा कोन बदलायची यंत्रणा तिथेही आहे आणि तिला पिच हेच नाव आहे. वारा फार वाढला, साधारण सेकंदाला २५ मीटरच्या वर गेला, की पाती फिरवून चक्की थांबवतात. फेदर करणं म्हणजे दुसरं काय? गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा कीस सापडला तर काय समजायचं, कंपनं वाढली तर बेअरिंग पाहायचं की पात्याचा तोल, पात्याच्या कडेला चीर गेली तर ती किती दिवस चालेल, हे एमआय-१७ च्या फ्लाइट इंजिनियरने आयुष्यभर केलंय. पठारावरच्या बऱ्याच चक्क्या जुन्या झाल्यात, आणि जुनं यंत्र कानाने ओळखणारा माणूस तिथे हवाच असतो. वर चढण्यासाठी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग मागतात. त्यात उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार, वजन उचलणं हे येतं आणि दर दोन वर्षांनी ते नव्याने करावं लागतं. गुडघे आणि रक्तदाब तपासून मगच या वाटेला जा. पन्नाशी ओलांडली असेल तर वर चढणारा टेक्निशियन होण्यापेक्षा कंपनांच्या नोंदी, देखभालीचं नियोजन आणि सुटे भाग या बाजूने आत शिरा.

कारखान्यांचंही तसंच. शिरवळ, साताऱ्याची एमआयडीसी, कुपवाड, किर्लोस्करवाडी. अर्जात 'विमान' हा शब्द कमी आणि 'हायड्रॉलिक', 'न्यूमॅटिक', 'बिघाड येण्याआधीची देखभाल', 'मूळ कारणाचा शोध' हे शब्द जास्त ठेवा. सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर नुसता अनुभव पुरत नाही, औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. ती करायची तयारी असेल तरच तिकडे वळा.

ड्रोनबद्दल रोज विचारणा होते, म्हणून जरा सावकाश सांगतो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट १८ ते ६५ वयाच्या दहावी पास माणसाला मान्यताप्राप्त संस्थेत शिकून मिळतं आणि ते दहा वर्षं चालतं. फवारणीचे दहा लिटरचे ड्रोन २५ किलोपर्यंतच्या 'स्मॉल' वर्गात येतात. तासगावची द्राक्षं, वाळव्याचा ऊस. ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, तेव्हा ड्रोनची खरी गरज पडते. पण ड्रोन उडवणं आठवड्यात शिकता येतं, त्यामुळे तेवढ्यावर तुमचं वेगळेपण ठरणार नाही. वारा किती झाला की थांबायचं, टाकी भरलेली असताना आणि रिकामी होताना वजन कसं बदलतं, बॅटरीची नोंद कशी ठेवायची, शेजारच्या मळ्यात औषध जाऊ नये म्हणून कुठल्या बाजूने सुरुवात करायची, ही शिस्त तुमच्याकडे आहे. शेतकऱ्याला ती दिसली की पुढच्या वर्षी तोच फोन करतो. मात्र पहिल्याच महिन्यात कर्ज काढून ड्रोन घेऊ नका. एक हंगाम दुसऱ्याच्या ड्रोनवर काम करा, एकरी दर आणि वर्षातले कामाचे दिवस स्वतः मोजा, मग ठरवा.

सरकारी जागा

केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, सार्वजनिक उपक्रम आणि बँकांच्या गट क मध्ये १४.५ टक्के, आणि महाराष्ट्र शासनात १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रासाठी वयातून पूर्ण सेवाकाळ वजा होतो आणि वर तीन वर्षांची सूट मिळते. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल, तर जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नाही अशा गट क पदांसाठी पदवीधर मानतात. त्याचा अर्थ पदवी मिळाली असा होत नाही. खासगी कंपनी ती मानणार नाही आणि अर्जात 'पदवीधर' लिहिलंत तर अडचणीत याल.

एक बारकावा लक्षात ठेवा. आरक्षणातून केंद्राच्या नागरी नोकरीत एकदा रुजू झालात की माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा हक्क संपतो. पण रुजू होण्याआधी आणखी कुठे कुठे अर्ज केलेत त्याचं स्वयंघोषणापत्र रुजू होतानाच दिलंत, तर त्या अर्जांसाठी हक्क राहतो. माझ्या ओळखीच्या एकाने हे पत्र दिलं नाही आणि त्याची चांगली जागा हुकली. खासगी नोकरीने हा हक्क जात नाही.

अर्ज, मुलाखत, पगार

अर्ज दोन पानांचा करा. वर हुद्दा नको, काम लिहा. 'वॉरंट ऑफिसर, फ्लाइट इंजिनियर, उत्कृष्ट सेवा' या ओळीतून बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप मालवाहू विमानावर ३,१०० तास, उड्डाणपूर्व तपासणी, इंधन आणि वजनाचा हिशेब, हवेतील बिघाडांचं निदान, १४ नव्या फ्लाइट इंजिनियरना प्रशिक्षण'. आकडे तुमचे खरे असतील तेच घाला. पदकं आणि प्रशस्तिपत्रं शेवटी एका ओळीत द्या.

मुलाखतीत आपली सवय आड येते. आपण 'आम्ही' म्हणतो. आम्ही इंजिन बंद केलं, क्रूने निर्णय घेतला. फौजेत ते योग्यच होतं आणि आपल्याकडे घरातही मोठेपणा मिरवू नये असं शिकवतात. पण समोरचा तुम्हाला घेणार आहे, क्रूला नाही. तेव्हा घरी बसून पाच प्रसंग 'मी' धरून सांगायचा सराव करा. तेलाचा दाब पडताना मी काय पाहिलं, कॅप्टनला काय सांगितलं, कोणती चेकलिस्ट काढली, शेवट काय झाला. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत संपवा. त्यातला एक प्रसंग तुमच्या स्वतःच्या चुकीचा असू द्या आणि ती कुणाला, कधी सांगितलीत ते सांगा. १९७७ साली तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. कॉकपिटमधली शंका ठामपणे बोलली गेली नाही, हे त्यामागचं एक कारण. तेव्हापासून हे क्षेत्र कनिष्ठाने तोंड उघडण्याला फार किंमत देतं, आणि ज्याने विंग कमांडरला 'सर, हे बरोबर नाही' असं हवेत सांगितलंय त्याच्याकडे ती गोष्ट आहेच.

पगाराच्या बोलणीत हमखास ऐकू येतं, "तुम्हाला पेन्शन आहेच ना." शांतपणे उत्तर द्या की पेन्शन मागच्या कामाची आहे, पगार पुढच्या कामाचा. बोलणीत पेन्शनचा आकडा सांगू नका. शिकाऊ म्हणून कमी पगार घेणार असाल तर तो किती महिन्यांसाठी ते लिहून घ्या.

एजंटांपासून लांब राहा. विमानतळावर नोकरी लावतो, युनिफॉर्मचे आणि मेडिकलचे पैसे आधी भरा, असं सांगणाऱ्या एका माणसाने माझ्याच ओळखीच्या दोन कुटुंबांचे पैसे बुडवले. चांगली विमानकंपनी मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी पैसे घेत नाही. जागांची खरी माहिती हवी असेल तर डीजीआरचे रोजगार मेळावे, दिल्लीत सुब्रतो पार्कला असलेलं वायुसेनेचं एअर व्हेटरन्स संचालनालय, आणि आपलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय इथे नाव नोंदवा. नोंदणीला डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, फोटो आणि बँक पासबुक न्या.

नवीन जागी पहिले सहा महिने अवघड जातात. अठ्ठावीस वर्षांचा वरिष्ठ नावाने हाक मारेल, काम अर्धवट टाकून कुणी सहाला घरी निघेल. पहिल्या दिवसापासून सुधारणा सुचवू नका. त्यांचं टेक लॉग, त्यांचे फॉर्म, त्यांची भाषा आधी आत्मसात करा. घरी मात्र बोला, विशेषतः बायकोशी. इतकी वर्षं तिने एकटीने घर चालवलंय, तिला पगारापेक्षा शिफ्टचं वेळापत्रक आधी कळायला हवं.

आणि मूळ लॉगबुक कुणाच्याही हाती सोपवू नका, पडताळणीसाठीसुद्धा. सगळ्या पानांचं स्कॅन करा, दोन साक्षांकित प्रती काढा, एक प्रत गावच्या घरी भावाकडे ठेवा. पडताळणीला स्वतः घेऊन जा, समोर बसून दाखवा आणि परत घेऊन या.